पाच गुराबा, पंधरा गलबतं

22 डिसेंबर 1738. विजयदुर्गाच्या बंदरातून मराठा आरमारी सरदार संभाजी आंग्र्यांच्या नऊ गुराबा आणि तेरा गलबतं बाहेर पडली आणि किनाऱ्याला लगटून निघाली. इंग्रज कमोडोर बॅगवेल चार लढाऊ जहाजं घेऊन त्यांच्या मागावर गेला. तोफांचा जोर त्याच्याकडे होता. आंग्र्यांचं आरमार राजापूरच्या खाडीत शिरलं. बॅगवेलने तोफा डागल्या, पण तिथलं पाणी त्याला अनोळखी होतं आणि जहाजं खडकांच्या जवळ येऊ लागली. त्याला मागे फिरावं लागलं.

जबरदस्त तोफखान्याला खाडीचं तोंड अडवतं आणि हलकं आरमार त्याच तोंडातून आत जातं, यात नशिबाचा भाग थोडा आणि जहाज बांधतानाच केलेल्या विचाराचा भाग फार मोठा आहे.

जहाज कसं हवं हे ठरवण्याआधी लढायचं कुठे हे ठरवावं लागतं. रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा बघा. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला राजापूरची खाडी. थोड्याथोड्या अंतरावर एकेक खाडी आणि बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी किल्ला. वाळूचे दांडे, पाण्याखालचे खडक, दिवसातून दोनदा भरती-ओहोटी. दुपारी समुद्रावरून खारे वारे, रात्री जमिनीवरून मतलई वारे आणि मधल्या वेळेत अनेकदा वारा पडलेला. या पाण्यात ज्याचं बूड खोल, तो बाहेरच अडकणार आणि ज्याला वाऱ्याशिवाय हलता येत नाही, तो पडल्या वाऱ्यात जागच्या जागी उभा राहणार.

गुराब या पाण्यासाठीच घडलेली होती. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने तिचं बारकाईने वर्णन केलं आहे. बहुतेक गुराबा दोन डोलकाठ्यांच्या, सुमारे दीडशे टनांच्या. तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब तीनशे टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद आणि पाण्यात फारच कमी बुडणारी. पुढचा भाग निमुळता होत लांब चोचीसारखा बाहेर आलेला. या चोचीच्या आणि मुख्य डेकच्या मध्ये लाकडी भिंत. लाट पुढे आदळली की पाणी आत न येता बाजूंनी वाहून जाई. त्या भिंतीला भोकं ठेवून दोन मोठ्या तोफा, नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या, थेट समोर रोखलेल्या असत. बाजूच्या तोफा त्याहून लहान.

ही मांडणी मला विलक्षण वाटते. युरोपीय लढाऊ जहाजाचा बहुतेक मारा दोन्ही कुशींतून होई. पाठीमागे तोफा मोजक्याच. गुराबेचा सगळ्यात जड मारा नेमका समोर. म्हणजे ती शत्रूच्या पाठीशी लागण्यासाठीच जन्मलेली. मागून, लांबून, शत्रूच्या डोलकाठ्यांवर गोळे टाकत राहायचं. डोलकाठी पडली की पन्नास तोफांचं जहाजही पांगळं होतं.

पण पांगळ्या जहाजावर चढायचं कोणी? त्यासाठी गलबत. सत्तर टनांच्या आतलं, एक मोठं तिकोनी शीड, चाळीस-पन्नास वल्ही. ऑर्मच्या म्हणण्यानुसार ताशी चार मैलांच्या वेगाने ती वल्हवत नेता येत. हलक्या गलबतावर चिरलेल्या बांबूंचं डेक आणि सगळीकडे वळवता येणाऱ्या छोट्या तोफा, कारण जड डेक आणि जड तोफा घातल्या की वेग गेला. वारा पडला की हीच गलबतं गुराबेला दोर लावून ओढत नेत. आणि शेवटचा घाव घालायच्या वेळी माणसांनी खचाखच भरलेली गलबतं चहूबाजूंनी एकदम भिडत.

आजचे तरुण हाच विचार पडद्यावर करतात. आइसलंडच्या सीसीपी गेम्स कंपनीने 2003 मध्ये आणलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अवकाशातल्या खेळात प्रत्येक यानाची ऊर्जा आणि जागा ठरावीक असते. मोठी तोफ बसवली की चिलखताला ऊर्जा कमी पडते, चिलखत वाढवलं की चपळपणा घटतो. त्यामुळे एकच यान सर्वगुणसंपन्न करण्याच्या नादी कोणी जाणता खेळाडू लागत नाही. मोठी यानं मारा करतात, छोटी वेगवान यानं शत्रूला पळू देत नाहीत, काही यानं फक्त दुरुस्ती करतात. कामं वाटली की ताफा घडतो.

आपल्याकडे हा हिशेब 1715 च्या सुमारास शब्दांत मांडला गेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्याशिवाय निरुपयोगी ठरणारी थोरली जहाजं बांधूच नयेत. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा करावा. लढताना सगळ्यांनी एकमेकांना धरून लढावं आणि वारा साथ देत नसेल तर किल्ल्याच्या आश्रयाला यावं. सुभ्याचा आकडाच सांगतो की मारा करणाऱ्या प्रत्येक नौकेमागे तीन वेगवान हात हवेत. लाकडाचाही विचार आहेच: रयतेची आंबा-फणसाची झाडं आरमाराच्या कामाची असली तरी तोडू नयेत, कारण ती लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात.

या मांडणीचं फळ 1754 च्या फेब्रुवारीत दिसलं. पन्नास, छत्तीस आणि अठरा तोफांच्या तीन डच जहाजांना तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने गाठलं. मोठी दोन जळाली, तिसरं हाती आलं. पुढच्याच वर्षी इंग्रज कमोडोर जेम्स हर्णैच्या सुवर्णदुर्गावर चालून आला, तेव्हा आंग्र्यांच्या खलाशांनी वजन कमी करायला सामान समुद्रात फेकलं, वाऱ्याची झुळूकही वाया जाऊ नये म्हणून पागोटी सोडून शिडांसारखी धरली, आणि ते निसटले. हलकेपणावरची त्यांची श्रद्धा इतकी पक्की होती.

मात्र फेब्रुवारी 1756 मध्ये पेशव्यांची फौज जमिनीवर आणि इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफा समुद्रावर, अशा कोंडीत आरमार विजयदुर्गाखाली एकमेकांना लागून उभं राहिलं. एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच जिंकलं होतं. तिथून आग पसरली आणि अख्खं आरमार जळालं.

गुराबेत आणि गलबतात त्या दिवशी काही उणं नव्हतं. उथळ बूड, समोरची तोफ, पन्नास वल्ही, हे सगळं हालचालीसाठी घडवलं होतं आणि हालचालच संपली होती. ताफ्याची ताकद मोजताना आपण तोफा मोजतो. कोकणच्या जाणत्यांनी त्याआधी खाडीची खोली, वाऱ्याची वेळ आणि वल्ह्यांची संख्या मोजली, आणि जवळजवळ अर्धशतक युरोपच्या जहाजांना या किनाऱ्यावर धास्तीत ठेवलं.