ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडात नाही!

केमिस्ट्री लॅब म्हटलं की बहुतेकांना आठवतात ते अपुरं जर्नल, सह्यांसाठी केलेली धावपळ आणि बारावी बोर्डाच्या प्रॅक्टिकलचे ३० मार्क. एफ.ई.चं केमिस्ट्री एकदाचं सुटलं तेव्हा आम्हा मेकॅनिकलवाल्यांना तर गंगेत घोडं न्हाल्यासारखं झालं होतं. पण आपल्यापैकी बरेच जण अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतात, शिवाय घरोघरी धाकटी भावंडं आहेतच. त्यांना आपण नियम सांगतो: ॲप्रन घाल, तोंडाने पिपेट ओढू नको, वास घेऊ नको. त्यांनी "का?" म्हटलं की आपण गप्प! लॅबच्या भिंतीवरचा नियमांचा तक्ता कुणी वाचत नाही, कारण त्यात हा 'का' कधीच लिहिलेला नसतो, असं माझं मत. म्हणून हा खटाटोप.

आधी शीर्षकातला नियम. तीव्र सल्फ्यूरिक ॲसिड (याला मराठीत गंधकाम्ल म्हणतात हे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला फार उशिरा कळलं) पाण्याच्या जवळजवळ १.८ पट जड असतं. दोन्ही मिसळताना प्रचंड उष्णता बाहेर पडते. ॲसिडवर पाणी ओतलं तर हलकं पाणी वरच राहतं, सगळी उष्णता त्या थोड्याशा पाण्यालाच मिळते, ते तिथल्या तिथे उकळतं आणि उडताना ॲसिड घेऊन उडतं. उलट भरपूर पाण्यात ॲसिडची बारीक धार सोडली तर ते खाली जातं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. गरम फोडणीत पाणी पडल्यावर काय होतं ते स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलंय. इथे तर उडणारा थेंब ॲसिडचा असतो.

आता एक खरा प्रसंग. आमच्या ज्युनिअर कॉलेजात (नाव नको) सॉल्ट ॲनालिसिस चालू होतं. एक मुलगा अमोनियमची टेस्ट करत होता, म्हणजे सॉल्टमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड घालून टेस्ट ट्यूब तापवायची. वेळ संपत आलेली, म्हणून त्याने बर्नर मोठा केला आणि ट्यूबचं बूड सरळ ज्योतीत धरलं. ट्यूब अरुंद असते. बुडाचं द्रावण आधी तापतं, तिथे अचानक वाफेचा बुडबुडा होतो आणि वरचा सगळा स्तंभ तो बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर ढकलतो. ट्यूबचं तोंड समोरच्या पार्टनरकडे होतं. त्याच्या चष्म्याने बरंचसं अडवलं, पण चष्म्याला बाजूने भिंती नसतात. थोडं डोळ्यात गेलंच.

पुढची वीस मिनिटं लॅबमामांची. ते फारसे शिकलेले नाहीत, पण त्यांनी त्या मुलाला मानगूट धरून नळाखाली नेलं, बोटांनी पापणी उघडी धरली आणि पाणी सोडलं ते सोडलंच. कुणीतरी हुशारीने बोरिक ॲसिडची बाटली आणली, "बेस गेलाय ना, न्यूट्रल होईल!" मामांनी बाटली बाजूला सारली. मामाच बरोबर होते. न्यूट्रलायझेशनमध्येही उष्णता निघते, ती काय डोळ्यात काढायची? शिवाय शोधाशोधीत जातात ते सेकंद सगळ्यात महागाचे. पाणी आधी, डॉक्टर लगेच नंतर. त्या मुलाचा डोळा वाचला.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आपण घाबरतो ॲसिडला, पण डोळ्याच्या बाबतीत तीव्र बेस बहुधा जास्त वाईट. ॲसिडने वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्या साक्याचाच थोडा अडसर होतो. बेस मात्र पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा अक्षरशः साबण करतो आणि आत आत शिरत राहतो. पानाच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलांच्या डोळ्यांना इजा होते ती याचमुळे. तेव्हा ट्यूब तिरकी धरा, सारखी हलवत राहा, तोंड भिंतीकडे ठेवा. आणि शाळांनी ॲप्रनसोबत गॉगलचीही सक्ती करावी. त्याची किंमत एका गाइडपेक्षा जास्त नसते.

पिपेटचं थोडक्यात सांगते. तोंडाने ओढताना टोक द्रावणाच्या पातळीच्या वर आलं की हवा आत शिरते आणि द्रावण सरळ घशाकडे झेप घेतं. "ऑक्झॅलिक तर आहे, डायल्यूट आहे" असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. रबरी बल्ब वापरा.

वासाच्या नियमाचं कारण मला सापडलं आजीकडे. जर्नलमधलं 'अमोनियम क्लोराइड' ऐकून ती म्हणाली, "अगं, म्हणजे नवसागरच की! कल्हईवाला वापरायचा." तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघायचा, आणि कल्हईवाला वारा पाठीवर घेऊन बसायचा. तापल्यावर नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, थंड हवेत ते परत एकत्र येऊन पांढरा धूर दिसतो. दोन्ही वायू नाक-घसा जाळणारे. ट्यूबवर नाक न ठेवता हाताने थोडीशी हवा आपल्याकडे ओढायची ती यासाठी. हायड्रोजन सल्फाइड तर त्याहून कपटी. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत साधारण शंभर भाग झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं नव्हे!

कपड्यांबद्दल मुलींशी थोडं बोलायचंय. ओढणी काढून ठेवा, केस बांधा, हे झालंच. पण ॲप्रन सुतीच का? सिंथेटिक कापड नुसतं जळत नाही, ते वितळून कातडीला चिकटतं. २९ डिसेंबर २००८ ला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन सहायक हवेत पेटणारं रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि तिच्या सिंथेटिक स्वेटरने पेट घेतला. अंगात लॅब कोट नव्हता. १८ दिवसांनी ती गेली. बरोबर वर्षाने, २९ डिसेंबर २००९ ला, आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेला आग लागली आणि दोन तरुण संशोधक दगावले. ही काही शाळेतली पोरं नव्हती. ज्ञान आणि साधनं असलेल्या ठिकाणी असं होतं, तर साठ मुलांमागे एक बेसिन असलेल्या आपल्या लॅबचा विचार करा.

बेसिनवरून आठवलं. पुण्यात दुरुस्तीसाठी बरेचदा गुरुवारी पाणी बंद असतं, आणि प्रॅक्टिकलची बॅच काही गुरुवार पाहून थांबत नाही. म्हणून लॅबमध्ये शिरल्यावर आधी नळ सोडून बघायचा, मग बर्नर पेटवायचा. आमचे मामा दर बुधवारी दारामागे एक पिंप भरून ठेवायचे आणि त्यात कुणी बीकर विसळला की अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडायचे.