मालकाचा हात ओळखणारे पिस्तूल

ठरावीक व्यक्तीच्याच हातात चालणाऱ्या आणि अन्य कोणी चाप ओढला तरी गोळी न झाडणाऱ्या शस्त्राला स्मार्ट गन म्हणतात. नाव नवे असले, तरी त्यामागची कल्पना इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधीची आहे. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने १८८७ मध्ये बाजारात आणलेल्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीला मागून एक दाबपट्टी बसवलेली होती, आणि ती तळहाताने घट्ट आवळल्याखेरीज चाप ओढता येत नसे. लहान मुलाच्या हाताला ही दोन्ही कामे एकाच वेळी जमू नयेत, अशी त्यामागची दृष्टी होती. पुढे १९७० च्या दशकात बोटात चुंबकाची अंगठी असली तरच चालणारे रिव्हॉल्व्हर तयार झाले. आजची स्मार्ट शस्त्रे याच दोन वाटांनी जातात: काही शस्त्रे मालकाच्या अंगावरील घड्याळ किंवा अंगठी रेडिओ लहरींच्या साहाय्याने ओळखतात, तर काही थेट त्याच्या बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखतात.

या प्रश्नाची खरी भूमी अमेरिका आहे, कारण तेथील नागरिकांच्या हातातील अग्निशस्त्रांची संख्या २०१८ मधील एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार ३९ कोटींहून अधिक, म्हणजे देशाच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त होती. २०२१ मध्ये तेथे ४८,८३० माणसे गोळीने मरण पावली आणि त्यांपैकी २६,३२८ मृत्यू आत्महत्येचे होते. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूचे पहिले कारण म्हणून बंदुकीने २०२० मध्ये वाहन-अपघातांना मागे टाकले. उशाशी किंवा टेबलाच्या खणात भरून ठेवलेले पिस्तूल घरातल्या मुलाच्या हाती लागणे, निराशेच्या भरात किशोरवयीन मुलाने वडिलांचे शस्त्र उचलणे किंवा चोरीला गेलेली बंदूक पुढे दरोड्यात वापरली जाणे, या तीनही प्रसंगी चाप ओढणारे बोट मालकाचे नसते, आणि स्मार्ट गनची सारी उपयुक्तता त्या एका वस्तुस्थितीवर उभी आहे.

असे शस्त्र बनवणे शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आता होकारार्थी देता येते. परंतु त्यावर विसंबता येईल काय, हा प्रश्न वेगळा आणि अधिक कठीण आहे. ओळख पटवणारे कोणतेही यंत्र दोन प्रकारे चुकते: ते खऱ्या मालकाला नाकारते किंवा परक्याला मालक समजते. रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा टेकवूनही ठसा न जुळल्याचा अनुभव महाराष्ट्रातील शेतमजुरांना आणि वृद्धांना नवा नाही, कारण कष्टाने किंवा वयाने बोटांवरील रेषा झिजतात. तेथे पुन्हा प्रयत्न करण्यास अवधी असतो. रात्री घरात कोणी शिरल्यावर ओल्या, थरथरत्या किंवा रक्ताळलेल्या हाताने पिस्तूल उचलणाऱ्याला तो नसतो. यंत्राला काटेकोर केले तर पहिली चूक वाढते, सैल केले तर दुसरी. म्हणून बॅटरी संपली किंवा ओळख पटली नाही, तर शस्त्राने बंद राहावे की चालावे, हे रचनाकाराला आधीच ठरवावे लागते. हा निर्णय वरकरणी तांत्रिक दिसतो. प्रत्यक्षात घरातील मूल आणि संकटात सापडलेला मालक यांच्यापैकी कोणाच्या जिवाला अग्रक्रम द्यायचा, हे त्यात ठरत असते.

आर्माटिक्स या जर्मन कंपनीच्या आयपी१ या .२२ बोअरच्या पिस्तुलाची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्याच्यासोबत एक मनगटी घड्याळ येत असे, घड्याळात सांकेतिक अंक भरावे लागत आणि घड्याळ पिस्तुलापासून सुमारे २५ सेंटिमीटरच्या आत असेल तरच गोळी सुटत असे. २०१७ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने त्याचे संरक्षण तीन वाटांनी मोडून दाखवले. घड्याळाचा रेडिओ संदेश मध्ये उपकरणे ठेवून कित्येक फूट दूरवर पोहोचवता आला. त्याच लहरींवर गोंगाट निर्माण करून पिस्तूल मालकाच्याच हातात बंद पाडता आले. आणि तिसरी वाट सर्वांत साधी होती, कारण सुमारे १५ डॉलरचे चुंबक पिस्तुलाच्या बाजूला धरताच आतील लोखंडी अडसर सरकला आणि घड्याळाशिवाय गोळी सुटली. या प्रयोगाने स्मार्ट शस्त्रांची कल्पनाच खोटी ठरली, असे अनेकांनी म्हटले. ते योग्य नाही. चार वर्षांचे मूल चुंबक शोधून आणत नाही. मात्र चोराला ते अवघड नाही, आणि त्यामुळे अशा शस्त्राचे मूल्यमापन ते कोणापासून राखायचे आहे, हे निश्चित केल्याशिवाय होऊ शकत नाही.

तंत्रापेक्षाही मोठा अडथळा राजकारणाने उभा केला. न्यू जर्सी राज्याने २००२ मध्ये असा कायदा केला की, देशात कोठेही स्मार्ट पिस्तूल किरकोळ विक्रीस आले की त्यानंतर सुमारे तीन वर्षांत त्या राज्यात फक्त स्मार्ट पिस्तुलेच विकता येतील. हेतू निःसंशय चांगला होता. परिणाम मात्र उलटा झाला, कारण पहिले पिस्तूल विकणारा दुकानदार नकळत साऱ्या न्यू जर्सीवर सक्ती आणणारा ठरणार होता. २०१४ मध्ये मेरीलँडमधील एका दुकानदाराने आयपी१ विकण्याचे जाहीर करताच त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने तो विचार सोडून दिला. बंदूकधारकांची प्रबळ संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशनची भूमिका अशी राहिली की, तंत्रज्ञानाला आपला विरोध नसून सक्तीला आहे. त्याआधी मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसनने क्लिंटन प्रशासनाशी करार करून नव्या पिस्तुलांत ३६ महिन्यांत असे तंत्र आणण्याचे मान्य केले, तेव्हा ग्राहकांनी कंपनीवर बहिष्कार घातला आणि १९८७ मध्ये ११ कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतलेली ही कंपनी तिच्या ब्रिटिश मालकांनी २००१ मध्ये अवघ्या दीड कोटी डॉलरला विकली. इतके पाहिल्यावर दुसरी कोणतीही मोठी कंपनी या वाटेला जाण्यास धजावली नाही, यात नवल नाही. न्यू जर्सीने आपली चूक २०१९ मध्ये सुधारली: आता सक्ती इतकीच आहे की, मान्यताप्राप्त स्मार्ट पिस्तूल उपलब्ध झाल्यावर दुकानदाराने इतर शस्त्रांसोबत त्याचाही किमान एक नमुना विक्रीस ठेवावा. सतरा वर्षे वाया गेल्यानंतर सुचलेला हा मार्ग आधीच्या कायद्यापेक्षा निश्चितच शहाणपणाचा आहे.

झटापटीत पोलिसाचेच पिस्तूल हिसकावून त्याच्यावर रोखले जाण्याचा धोका खरा असतो, आणि १९९० च्या दशकात अमेरिकी सरकारने या विषयावरील संशोधनाला पैसा दिला तो त्याच कारणाने. तरीही न्यू जर्सीच्या मूळ कायद्याने पोलिसांना वगळले होते. ज्या शस्त्रावर पोलीस विसंबत नाहीत त्यावर सामान्य माणसाने का विसंबावे, हा विरोधकांचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

कोलोरॅडो राज्यातील बायोफायर या कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल बरेच पुढे गेलेले आहे. त्याला बोटाचा ठसा किंवा चेहरा यांपैकी एक खूण पटली तरी पुरते, त्यामुळे हात ओला असला तरी दुसरी वाट उरते. हातातून सुटताच ते आपोआप बंद होते. त्यातील झाडण्याची यंत्रणाच विजेवर चालत असल्याने बाहेरून सरकवता येईल असा अडसर त्यात नाही. त्याची किंमत सुमारे १,५०० डॉलर ठेवली गेली. एवढ्या पैशांत साधे पिस्तूल आणि ते ठेवण्यासाठी मजबूत कुलूपपेटी, दोन्ही येऊनही पैसे उरतात. कुलूपपेटी हा जुना, स्वस्त आणि आजच उपलब्ध असलेला उपाय आहे. परंतु धोक्याच्या भीतीने शस्त्र घेणारे अनेकजण ते कुलपात ठेवण्यास तयार नसतात, आणि त्यांच्यापुरते स्मार्ट पिस्तूल खरोखर इष्ट ठरते.

या इष्टतेला दोन मर्यादा आहेत. तेलपाणी केलेली बंदूक शंभर वर्षेही टिकते, त्यामुळे उद्यापासून विकले जाणारे प्रत्येक शस्त्र स्मार्ट झाले तरी आधीची ३९ कोटी तशीच राहतात. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. गोळीने केलेल्या आत्महत्येच्या दहा प्रयत्नांपैकी जवळपास नऊ प्राणघातक ठरतात आणि तसे करणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांच्या हातातील शस्त्र त्यांचे स्वतःचे असते. मुलांच्या काळजीपोटी आजवर घरात बंदूक न आणलेले आईवडील स्मार्ट पिस्तुलाच्या भरवशावर ती विकत घेतील, तेव्हा मूल सुरक्षित राहीलही. पण त्या दोघांपैकी कोणावर पुढे निराशेची रात्र आली, तर नोंदवलेला ठसा ओळखून ते पिस्तूल क्षणात सज्ज होईल.