लिस्बनमध्ये तीन दिवस, हातात मोबाइल: फोटो कधी, कुठून आणि कुणाचे काढायचे?

युरोपची सहल करून आलेल्या माणसाला घरी पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘फोटो दाखव की!’ मग मोबाइलवर अंगठा फिरू लागतो. तीच ट्राम आठ वेळा, त्याच चर्चसमोर बारा सेल्फी, काळवंडलेले चेहरे आणि मागे पांढरंफटक आकाश. विसाव्या फोटोला घरची मंडळी चहा ठेवायला उठतात. लाखांच्या घरात खर्च करून हाती राहतं ते एवढंच.

पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे गोवा आणि सीमाभागाच्या ओळखीचं शहर. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेले अनेक जण आणि त्यांची मुलंनातवंडं पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन तिकडे जातात. त्यांना भेटायला इकडून आईवडील, भाऊबहीण निघतात. बहुतेकांच्या हाती शहर बघायला दोन-तीनच दिवस असतात. एवढ्या वेळात चांगले फोटो मिळवायला महागडा कॅमेरा लागत नाही. ऊन कुठून येतं, कोणती जागा कोणत्या वेळी बघायची आणि कॅमेरा कधी खिशात ठेवायचा, एवढं कळलं तरी पुरे.

ऊन वेगळं, म्हणून फोटो वेगळा

बेळगावात डिसेंबरच्या दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 51 अंश वर असतो. लिस्बनमध्ये त्याच दिवशी तो जेमतेम 28 अंश चढतो. म्हणजे हिवाळ्यात तिथलं ऊन दिवसभर तिरकं. चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत आणि भिंतींचा पोत उठून दिसतो. जूनमध्ये मात्र दुपारचा सूर्य 75 अंशांपर्यंत जातो. तेव्हा बारा ते चार ही वेळ म्युझियम, जेवण आणि विश्रांतीची.

दिवसाची लांबीही खूप बदलते. डिसेंबरअखेर उजेड साडेनऊ तासांचा, जूनमध्ये जवळपास पंधरा तासांचा. आपल्याकडे हा फरक दोन तासांच्या आसपास असतो. हिवाळ्यात सव्वापाचला सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री नऊनंतर. ‘संध्याकाळी सहाला फोटो काढू’ असं इथे बसून ठरवलं, तर डिसेंबरात तिथे अंधार भेटेल आणि जूनमध्ये कडक ऊन.

शहराच्या दक्षिणेला तेजो नदीचं रुंद पात्र आहे. दिवसभर ऊन त्या बाजूने येतं आणि पाण्यावरून परावर्तित होतं. घरांच्या भिंती फिक्या रंगाच्या, फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या बारीक तुकड्यांचे. उजेड वरून येतो तसा खालूनही येतो. त्यामुळे मोबाइल फसतो. भिंती जास्तच पांढऱ्या होतात, गल्ल्या काळ्या पडतात. उपाय सोपा आहे: स्क्रीनवर उजळ भागावर बोट टेकवायचं आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. फोटो जरा गडद आला तर नंतर उजळता येतो. पांढरा पडलेला भाग मात्र परत मिळत नाही.

पहाटे जाग येते, ती फुकट घालवू नका

भारत आणि पोर्तुगालच्या घड्याळात हिवाळ्यात साडेपाच, तर उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. तिथे पोचल्यावर पहिले दोन दिवस मध्यरात्रीनंतर किंवा पहाटेच डोळे उघडतात. लोक कूस बदलत पडून राहतात. फोटोसाठी हीच सर्वात मोलाची वेळ. उजाडताना अल्फामाच्या गल्ल्या रिकाम्या असतात, बेकरी उघडत असते, कुणीतरी पायऱ्या झाडत असतं. दहानंतर त्याच गल्लीत पर्यटकांचे जथे शिरतात.

1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने लिस्बनचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. नदीकाठचा बायशा भाग त्यानंतर मार्किस द पोंबालच्या देखरेखीखाली सरळ, काटकोनी रस्त्यांनी नव्याने बांधला गेला. अल्फामा बऱ्याच अंशी वाचला, म्हणून तिथल्या वाटा आजही वळणावळणाच्या आहेत. बायशात लांब, सरळ दृश्य मिळतं. अल्फामात कोपरा, पायरी, खिडकी असं जवळचं बघावं लागतं.

कोणती जागा, कोणत्या वेळी

टेकड्यांवरच्या सज्जांना तिथे ‘मिरादोरु’ म्हणतात. त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत.

- पोर्तश दु सोल आणि सांता लुझिया: अल्फामाची छपरं आणि नदी दिसते. सूर्योदयाला जावं.
- सांव पेद्रु द अल्कांतरा: इथून पूर्वेकडचा किल्ला दिसतो. उतरतं ऊन किल्ल्याच्या भिंतीवर पडतं, म्हणून दुपार उलटल्यावर जावं.
- सेन्योरा दु मोंत: सूर्यास्तासाठी. सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नये. पुढची वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं राहतं आणि खाली दिवे लागतात. मोबाइल कठड्यावर टेकवून रात्रीचा मोड वापरला तर चित्र हलत नाही.
- से, म्हणजे मुख्य कॅथेड्रल: बांधकाम 1147 पासूनचं. दर्शनी भाग पश्चिमेला आहे. सकाळी तो सावलीत, संध्याकाळी सोनेरी.

28 क्रमांकाची पिवळी ट्राम सगळ्यांनाच हवी असते. तिचा फोटो आतून नव्हे, बाहेरून चांगला येतो. कॅथेड्रलजवळच्या वळणावर सकाळी लवकर उभं राहिलं तर दहा-पंधरा मिनिटांत ती येते. पण फुटपाथवरूनच. सेल्फीसाठी रुळांवर उभं राहणं जिवावर बेतू शकतं. आत बसायचं असेल तर पाकीट पुढच्या खिशात हवं. या ट्रामच्या गर्दीत पाकीटमारी होते, आणि खिडकीतून व्हिडिओ काढणाऱ्याचं स्वतःच्या बॅगेकडे लक्ष नसतं. पासपोर्ट मुक्कामीच ठेवून त्याची प्रत जवळ ठेवलेली बरी.

बेलेंमध्ये ओळखीची नावं

शहराच्या पश्चिमेला बेलें आहे. तिथला जेरोनिमुश मठ आणि बेलें मनोरा 1983 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. आत उजेड कमी असतो. फ्लॅश बंद ठेवावा, खांबाला टेकून श्वास रोखून फोटो घ्यावा. मठाचं कोरीव दक्षिणद्वार उन्हाच्या बाजूला असल्याने तिथे तिरक्या उन्हात नक्षी खुलते.

नदीकाठी दर्यावर्दींचं उंच स्मारक आहे. 1940 मध्ये ते तात्पुरतं उभारलं होतं, 1960 मध्ये पक्क्या स्वरूपात पुन्हा बांधलं गेलं. दुसऱ्याच वर्षी, 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. स्मारकाच्या दोन्ही बाजूंना पुतळ्यांची रांग आहे. गामा, 1510 मध्ये गोवा जिंकणारा अल्बुकर्क आणि सेंट फ्रान्सिस झेवियर ही आपल्याकडे माहीत असलेली नावं पूर्व बाजूला आहेत. म्हणजे त्यांच्या चेहऱ्यांवर सकाळी ऊन असतं, दुपारनंतर सावली. गोव्याहून किंवा बेळगावहून गेलेल्या माणसाला इथे नुसता सेल्फी पुरत नाही. हे स्मारक कुणाच्या गौरवासाठी उभं राहिलं आणि आपल्या बाजूने ते कसं दिसतं, हा विचार मनात असला की फोटोची चौकटही बदलते. पुतळ्यांच्या पायाशी आपला माणूस छोटा, अशी एक चौकट घेऊन बघावी.

सोमवारी तिथली बरीच म्युझियम आणि स्मारकं बंद असतात. डागडुजीसाठीही काही वास्तू महिनोनमहिने बंद राहतात. तिकीट काढण्यापूर्वी त्यांच्या वेबसाइटवर बघूनच दिवस ठरवावेत.

रंगीत टाइल्स आणि पणजीची तालीम

लिस्बनच्या भिंतींवरच्या टाइल्सना ‘अझुलेजु’ म्हणतात. काढायला सोप्या वाटतात, पण चमकतात. फोटो अगदी समोरून घ्यावा, मोबाइल भिंतीला समांतर धरावा. चकाकी आली तर एक पाऊल बाजूला सरकावं. सावलीतल्या भिंतीवर रंग खरे येतात.

याची तालीम घरच्या जवळ करता येते. पणजीतल्या मिनेझिस ब्रागांझा इन्स्टिट्यूटच्या भिंतींवर अशाच निळ्या टाइल्सची मोठी चित्रं आहेत, आणि फोंतेनासमध्ये गल्ल्यांच्या नावाच्या पाट्यासुद्धा टाइल्सच्या. बेळगावहून चोर्ला घाटाने सकाळी निघालं तर दिवसात जाऊन येता येतं. जो मोबाइल न्यायचा, त्यानेच तिथे सराव करावा.

कुणाचा फोटो काढायचा नाही

फोंतेनास आणखी एक धडा देतं. रंगीत घरांसमोर फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीला तिथले रहिवासी कंटाळले आणि काही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या. अल्फामाही असंच राहतं मोहल्ला आहे. दोरीवरचे कपडे, खिडकीतली आजी, दारात बसलेले म्हातारे ही पर्यटकासाठी दृश्यं, पण त्यांच्यासाठी ते घर आहे.

पोर्तुगालच्या नागरी कायद्यात माणसाला स्वतःच्या प्रतिमेवर हक्क आहे. सार्वजनिक जागी काढलेल्या फोटोला काही सूट आहे, पण एखाद्याचा चेहरा उचलून त्याच्या संमतीशिवाय मिरवणं किंवा विकणं चालत नाही. मान हलवून, हसून विचारलं तरी काम होतं. ‘नाही’ म्हटलं तर पुढे जावं. लहान मुलांचे फोटो टाळावेत. ड्रोन तर घरीच ठेवावा: विमानतळ शहरातच आहे, आणि कॅमेरा असलेल्या ड्रोनसाठी युरोपात आधी नोंदणी लागते.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

वेगळा कॅमेरा नेत असाल तर पोचल्याबरोबर त्याचं घड्याळ तिथल्या वेळेवर लावा. नाहीतर मोबाइलचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र केल्यावर सकाळ-संध्याकाळ यांची खिचडी होते. चुनखडीचे फुटपाथ पावसात निसरडे होतात, म्हणून पकड असलेले बूट हवेत. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त. पण त्याच ओल्या दगडांत रात्रीचे दिवे उतरतात, तेव्हा पाऊस आला म्हणून खोलीत बसू नये.

रोज रात्री दहा मिनिटं काढून वाईट फोटो उडवावेत आणि उरलेले दुसरीकडे साठवावेत. मोबाइल चोरीला गेला तरी सहल जात नाही. परतल्यावर तीस फोटो निवडावेत, त्यातले बारा गावातल्या स्टुडिओतून छापून घ्यावेत. ज्यांना भेटायला गेलात, त्यांचा त्यांच्या स्वयंपाकघरात काढलेला एक फोटो त्यात असायला हवा. किल्ल्याचे आणि ट्रामचे फोटो इंटरनेटवर ढीगभर मिळतात. तिकडे राहणारी लेक चुलीपुढे कशी उभी असते, हा फोटो दुसऱ्या कुणाकडे नसतो. घरची मंडळी बघतात तो हाच.