गुडघे झिजतात म्हणे सायकलने!

अंधेरी असो, घाटकोपर असो की मुलुंड, साठी ओलांडलेल्या माणसाने सायकल घेतली की पहिल्याच आठवड्यात सोसायटीतलं कुणीतरी गाठून सांगतं, "काका, या वयात सायकल? गुडघे जातील हं!" सांगणारा बहुधा पहिल्या मजल्यावरही लिफ्टने जाणारा असतो. हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता एकदा नीट उत्तर द्यायलाच हवं.

सांधा म्हणजे स्कूटरचा टायर नव्हे, जितका फिरेल तितका झिजायला. गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून होतं आणि सांधा हलत राहिला की तो द्रव खेळता राहतो. सायकलवर तर शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं. गुडघा हलतो, पण भार कमी झेलतो.

हा भार मोजलेलाही आहे. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच सेन्सर बसवले. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी 261 टक्के भार आला, जिना चढताना 316 आणि उतरताना 346 टक्के. व्यायामाच्या सायकलवर 120 वॉट जोर लावताना, म्हणजे ज्येष्ठांच्या दृष्टीने चांगलीच मेहनत करताना, तो 119 टक्क्यांच्या आसपास होता. 70 किलोच्या माणसाचा हिशेब मांडा: जिना उतरताना सुमारे 242 किलो, सायकलवर सुमारे 83. घाटकोपर स्टेशनचा पूल रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या आजोबांना कुणी अडवत नाही. सायकल काढली की मात्र सगळे ऑर्थोपेडिक सर्जन होतात!

"पण पुढे दहा वर्षांनी कळेल," असं यावर म्हटलं जातं. अमेरिकेतल्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या संशोधकांनी 2024 मध्ये 2,607 जणांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचं सरासरी वय 64 होतं. आयुष्यात कधी ना कधी सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघेदुखीचं प्रमाण 17 टक्क्यांनी कमी होतं. एक्स-रेमध्ये झीज आणि जोडीला दुखणं, असा संधिवात 21 टक्क्यांनी कमी होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. मुळात ज्यांचे गुडघे बरे, तेच सायकल चालवत राहिले असतील, ही शंका रास्त आहे. पण सायकलने गुडघे जातात म्हणणाऱ्यांना त्यात काडीचाही आधार मिळत नाही.

मग सायकल चालवून काहींचे गुडघे दुखतात ते का? बहुतेकदा सीटमुळे. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, या जुन्या सवयीने आपण सीट खाली ठेवतो. मग गुडघा प्रत्येक फेरीत नको इतका दुमडतो आणि वाटीच्या मागे दाब वाढतो. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. चालवताना पेडल चवड्याने मारायचं, म्हणजे गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं. पाय मागून टाकणं जड जात असेल तर मधला दांडा नसलेली सायकल घ्यावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि जड गिअर रेटू नका. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीचा चढ हलक्या गिअरवर भराभर पाय फिरवत चढणारा शहाणा.

गुडघा सुजलेला असेल, सांधा बदललेला असेल, छातीत दुखत असेल किंवा तोल जात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला नव्हे.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"साठीनंतर सुरुवात करून काय उपयोग?" फ्रान्सचे रोबेर मार्शां 67 व्या वर्षी सायकलकडे परतले आणि 2017 मध्ये, 105 व्या वर्षी, त्यांनी एका तासात 22.547 किलोमीटर अंतर कापलं. आपल्याला विक्रम करायचे नाहीत, पण उशीर झाला ही सबब चालणार नाही.

"सायकल चालवतो, म्हणजे हाडं भक्कम." हा खुद्द सायकलवाल्यांचा गैरसमज. ज्या कारणाने गुडघा सुखावतो, त्याच कारणाने हाडांना पुरेसा भार मिळत नाही. चालणं आणि हलकी वजनं उचलणं सोडू नका.

"ई-सायकल म्हणजे फसवणूक." इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाने 2019 मध्ये पन्नाशीपुढच्यांवर केलेल्या प्रयोगात साधी सायकल आणि ई-सायकल, दोन्ही गटांत बौद्धिक चाचण्यांवर चांगला परिणाम दिसला. पेडल मारावंच लागतं.

"जवळच तर जातोय, हेल्मेट कशाला?" 40 अभ्यासांच्या 2016 च्या आढाव्यात हेल्मेट घालणाऱ्यांना डोक्याची गंभीर इजा होण्याची शक्यता 69 टक्क्यांनी कमी आढळली.

"मुंबईच्या हवेत सायकल म्हणजे विष." 2016 च्या एका गणितानुसार हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं, म्हणजे पीएम 2.5 चं प्रमाण दर घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम असलं तरी रोज दीड तासापर्यंत सायकलचा फायदा तोट्याहून जास्त राहतो. दमा किंवा हृदयविकार असेल तर धुरकट दिवशी विश्रांती घ्यावी.

एवढं सांगूनही घरचे अडवतातच, कारण गुडघा हे निमित्त असतं. खरी भीती ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरच्या डंपरची असते, आणि ती अगदी खरी आहे. बीकेसीत 2011 च्या सुमारास सायकल ट्रॅक झाला, तो पार्किंगनेच गिळला. पवई तलावाकाठचा ट्रॅक उच्च न्यायालयाने 2022 मध्ये बेकायदा ठरवला. तेही योग्यच होतं, कारण सायकलसाठी तलाव बुजवायचा नसतो. रस्त्यावरच जागा द्यायची असते, आणि ती मिळत नाही.

या वयात सायकल म्हणजे केवळ व्यायाम नव्हे. पहाटे कुणाची वाट न पाहता, मुलाला गाडी काढायला न लावता आपलं आपण बाहेर पडता येतं. वाटेत चार समवयस्क भेटतात, चहा होतो. हे सुख गुडघ्याच्या खोट्या भीतीपायी हिरावून घेऊ नका. बाबांची काळजी वाटत असेल तर त्यांच्या सायकलची सीट नीट लावून द्या, मागे लाल दिवा बसवा, आणि सुरक्षित सायकल मार्गिकेसाठी आपल्या वॉर्ड ऑफिसात अर्ज करा. सही बाबांचीही घ्या.