खो कुणी दिला?

दोस्तांनो, तुमच्या वर्गात सगळ्यात जोरात कोण पळतं, असं विचारलं तर तुम्ही एका दमात नाव सांगाल. पण शाळेच्या खो-खो संघात सगळ्यात भारी खेळाडू कोण, असं विचारलं तर? तर मात्र भांडणं सुरू होतील! कुणी म्हणेल, जो जास्त गडी बाद करतो तो. कुणी म्हणेल, जो जास्त वेळ पळतो तो. पण चांगला खेळाडू आणि फार मोठा खेळाडू यांच्यात नेमका फरक कशाचा असतो? या प्रश्नाचं उत्तर मला एका संध्याकाळी शहागडला मिळालं.

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघालं की गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे शहागड लागतं. गाव जालना जिल्ह्यातलं, अंबड तालुक्यातलं. पूल ओलांडला की बीड जिल्हा सुरू. त्या दिवशी माझी गाडी पंक्चर झाली आणि चाक निघेपर्यंत वेळ काढायला म्हणून मी रस्त्याकडेच्या एका शाळेच्या मैदानावर जाऊन बसलो. मुलींच्या खो-खोचा सराव चालला होता. तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघाची यादी त्याच संध्याकाळी ठरायची होती.

खेळ अगदी रंगात आला आणि सरांनी मध्येच शिट्टी फुंकली. "थांबा! डोळे मिटा!"

सगळ्या मुली जागच्या जागी थांबल्या. सर म्हणाले, "आता सांगा, पळणाऱ्या तिघी कुठं हायत?"

बहुतेक मुलींना एकीचाच पत्ता सांगता आला. जिच्यामागे धावणं चाललं होतं, तिचा. पण मधल्या चौकोनात बसलेली एक बुटकी मुलगी डोळे न उघडता म्हणाली, "एक खांबाजवळ हाय. दुसरी माझ्या उजव्या अंगाला, दोन जणी सोडून. अन् तिसरी दमलीय सर. ती आता मधून निघणार बघा."

मी बघितलं. तिसरीचा श्वास खरंच फुलला होता आणि तिची कंबर मधल्या फटीकडे वळलेली होती!

कुंपणाशी त्या मुलीचे वडील मोटारसायकल लावून उभे होते. ते सरांना म्हणाले, "सर, हिचं नाव नका घेऊ यंदा. शर्यतीत शेवटून दुसरी येती ही. उगंच लोकांनी हसायचं. अन् आता आठवीचा अभ्यास बी हाय."

मुलीनं ते ऐकलं. काही बोलली नाही. खाली बघून पायातली माती झटकत राहिली.

सर म्हणाले, "दहा मिनिटं थांबा, भाऊ. मग बोलू."

नुसता वेग का पुरत नाही?

खो-खोचे नियम तुम्हाला माहीत आहेतच, पण जरा आठवून बघा. धावणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पट्टीत बसतात. एकाचं तोंड इकडे, तर शेजारच्याचं तिकडे. नववा गडी पाठलाग करतो. त्याला बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागेही वळता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळी मोकळीक! तो वाटेल तिथून शिरतो आणि दोन पावलांत पलीकडे पोचतो.

म्हणजे गंमत बघा. पाठलाग करणारा हरणासारखा पळत असला, तरी नुसत्या पायांच्या जोरावर तो हरणारच. त्याला मदत लागते ती पलीकडे तोंड करून बसलेल्या गड्याची. त्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं "खो" म्हणायचं आणि पाठलाग त्याच्या हवाली करायचा.

पण कधी? इथंच खरी मेख आहे. खो उशिरा दिला तर पळणारा निसटून जातो. फार लवकर दिला तर तो हुशारीनं आहे त्याच बाजूला थांबतो आणि उठलेला गडी मोकळ्या जागेत उभा राहतो. आणि विचार करता करता एक पाऊल पुढं गेलं की तो चौकोन हातचा गेला. मागे वळलात तर फाउल! म्हणजे निर्णय घ्यायला एका पावलाइतकाच वेळ.

चांगला खेळाडू पळणारा वळल्यावर खो देतो. मोठा खेळाडू तो वळायच्या बेतात असतानाच देतो. त्याला हे कसं कळतं? तो पळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे किंवा हातांकडे बघत नाही. मान आणि हात हूल देतात, बरं का! कंबरेला मात्र खोटं बोलता येत नाही. कंबर जिकडे वळते, तिकडेच माणूस जातो.

सातासमुद्रापलीकडचा एक 'संथ' गडी

हे फक्त खो-खोतच आहे असं समजू नका. अमेरिकेत एक वेगळाच फुटबॉल खेळतात. चेंडू अंड्याच्या आकाराचा असतो आणि तो हातात घेऊन पळतात. त्यात 'क्वार्टरबॅक' नावाचा गडी असतो. चेंडू त्याच्या हातात आला की समोरून धिप्पाड गडी त्याला पाडायला धावून येतात. जेमतेम दोन-तीन सेकंदांत त्यानं ठरवायचं असतं, की चेंडू कोणत्या साथीदाराकडे फेकायचा. आपल्या खो सारखंच की नाही?

सन २००० मध्ये टॉम ब्रॅडी नावाच्या मुलाची चाचणी झाली. ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर पळायला त्याला ५.२८ सेकंद लागले. त्या खेळात ही अगदी संथ वेळ. संघांनी खेळाडू निवडायला सुरुवात केली. १९८ जण निवडून झाले, तेव्हा कुठे ब्रॅडीचा नंबर लागला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पुढे याच ब्रॅडीनं सात वेळा अमेरिकेतलं सर्वोच्च विजेतेपद जिंकलं. इतकी विजेतेपदं त्या देशातल्या कोणत्याही एका संघाकडेही नाहीत!

घड्याळानं त्याचे पाय मोजले. पण समोरच्या संघाची मांडणी एका नजरेत ओळखायची आणि कुणी अंगावर आलं तरी गडबडून जायचं नाही, हे त्याचं बळ घड्याळात मावणारं नव्हतं.

नजर जन्मजात असते का?

तुम्ही म्हणाल, अशी नजर देवानं दिलेली असणार! तर मग बुद्धिबळाची एक गोष्ट ऐका. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी एक प्रयोग केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवायची आणि मग ती आठवून पुन्हा मांडायला सांगायची. पट्टीच्या खेळाडूंनी बरीच मोहरी बरोबर मांडली. नवख्यांना थोडीच जमली. मग संशोधकांनी मोहरी कशीही, उगीच विखरून ठेवली. आता काय झालं असेल? पट्टीच्या खेळाडूंची करामत जवळजवळ संपली! तेही नवख्यांसारखेच अडखळले.

म्हणजे त्यांची स्मरणशक्ती काही जादूची नव्हती. हजारो डाव खेळून, बघून त्यांना मांडणी ओळखीची झाली होती. तुम्ही 'गोदावरी' हा शब्द एकेक अक्षर जुळवत वाचता का? नाही. एकदम वाचता. मोठा खेळाडू मैदान असंच वाचतो. आणि वाचन तर शिकता येतं!

आपल्याच रस्त्यावरच्या ताया

शहागडवरून जाणारा हाच रस्ता पुढे बीडवरून धाराशिवला जातो. त्या धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. २०२० साठी सारिकाताईंना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान २२ वर्षांनी मिळाला होता.

मूळची बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय मुलींची कर्णधार होती. पहिल्याच सामन्यात त्यांनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं आणि अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं. पुरुषांच्या संघानंही नेपाळलाच ५४-३६ असं हरवून विश्वचषक जिंकला. त्यांचा कर्णधार प्रतीक वाईकर, तोही महाराष्ट्राचाच.

असा गुणांचा डोंगर एकट्या कुणाच्या पायांनी उभा राहत नाही. गडी बाद झाला की टाळ्या बाद करणाऱ्याला मिळतात. पण त्याआधीचे तीन-चार खो कुणी, कुठे आणि कधी दिले, हे कुणी विचारत नाही. चांगल्या खेळाडूला वाटतं, 'मीच बाद करणार.' मोठ्या खेळाडूला वाटतं, 'हा बाद व्हायला हवा, मग कुणाच्याही हातून होवो.'

आणखी एक फरक आहे. खो चुकला, फाउल झाला, की चांगला खेळाडू कपाळाला हात लावतो. तेवढ्यात पळणारा अर्धं मैदान पार करतो. मोठा खेळाडू वाईट वाटून घेतो, पण डाव संपल्यावर!

दहा मिनिटांनी

तर, शहागडच्या मैदानावर शेवटचा डाव सुरू झाला. पळत होती शाळेतली सगळ्यात चपळ मुलगी. तीन जणी तिच्यामागे धावून थकल्या. मग खो आला त्या बुटकीला. ती उठली. तिचं पळणं खरंच संथ होतं. पण ती त्या चपळ मुलीला पकडायला धावतच नव्हती! ती तिला खांबाकडे रेटत होती. खांबापाशी वाट संपते, वळावंच लागतं. ती मुलगी वळणार, तोच या बुटकीनं शेजारच्या पाठीवर हात ठेवला. "खो!" शेजारची उठली ती थेट त्या मुलीच्या समोरच. गडी बाद!

सगळ्यांनी बाद करणारीला उचलून घेतलं. वडील म्हणाले, "बाद तर दुसरीनंच केलं की."

सर हसले. "खो कुणी दिला, भाऊ?"

वडील काही वेळ मैदानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सरावाला किती वाजता सोडायचं हिला?"

"साडेपाचला. अन् सातला घरी. अभ्यास बुडणार न्हाई, माझी जबाबदारी."

सरांनी खिशातून कागद काढला आणि यादीत एक नाव लिहिलं. तेवढ्यात माझी गाडी दुरुस्त झाल्याचा निरोप आला.

दोस्तांनो, उद्या मैदानावर तुम्हीही हा 'डोळे मिटा' खेळ खेळून बघा. तिन्ही गडी कुठे आहेत, हे सांगता येतं का? पहिल्या दिवशी नाही जमणार. महिनाभर रोज करा. आणि आईबाबा, पुढच्या वेळी सामना बघायला याल, तेव्हा घरी जाताना "किती बाद केलेस?" एवढंच विचारू नका. "खो किती चांगले दिलेस?" हेही विचारा!