अनेक ओळींची एक ओळ, आणि १०२४ बाइट्सची कात्री

आज डेटाबेसमधलं एक रोजचं काम बघूया: एकमेकींशी संबंधित अनेक ओळी रिझल्टमध्ये एकाच ओळीत कशा आणायच्या?

समजा, किराणा मागवायचं एक ॲप आहे. एका टेबलमध्ये ऑर्डरी, दुसऱ्यात त्यातल्या वस्तू. ऑर्डर नंबर १०१ मध्ये पोहे, गूळ आणि शेंगदाणे आहेत. दोन्ही टेबलं जॉइन केली की १०१ तीनदा येतो, प्रत्येक वस्तूसाठी एकदा. पण सामान भरणाऱ्याला स्क्रीनवर एकच ओळ हवी: '१०१: गूळ, पोहे, शेंगदाणे'.

यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, ग्रुप बाय. हे एकाच नंबरच्या ओळींचा गठ्ठा बांधतं. दुसरी, त्या गठ्ठ्यातली नावं एका माळेत ओवणारं फंक्शन. मायएसक्यूएलमध्ये ते ग्रुप_कॉन्कॅट, पोस्टग्रेसमध्ये स्ट्रिंग_ॲग. एसक्यूएल सर्व्हरमध्येही २०१७ च्या आवृत्तीपासून स्ट्रिंग_ॲग आहे, ओरॅकलमध्ये लिस्टॅग. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये फंक्शनच्या कंसातच ऑर्डर बाय लिहा. नाहीतर नावं कुठल्या क्रमाने येतील, याची हमी नाही.

आता खरी मेख. मायएसक्यूएलमध्ये ग्रुप_कॉन्कॅटची मर्यादा मुळात १०२४ बाइट्स असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत मात्र युटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षराला तीन आणि प्रत्येक मात्रेलाही तीन. म्हणजे 'पोहे' या छोट्याशा शब्दाचे १२ बाइट्स! सगळी मिळून जेमतेम ३४१ चिन्हं मावतात. पुढचं सरळ कापलं जातं. आणि क्वेरी फेल होत नाही बरं का! फक्त एक वॉर्निंग येते, जी ॲपच्या कोडमध्ये सहसा कोणी बघत नाही. इंग्रजी नावांवर टेस्टिंग झालेलं असतं, सगळं छान दिसतं. मग कुणाच्या तरी महिन्याच्या सामानातल्या शेवटच्या चार वस्तू यादीतून गायब होतात.

उपाय सोपा आहे. क्वेरीआधी त्याच कनेक्शनवर 'ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन' वाढवून घ्या, दहा लाख वगैरे. शिवाय त्याच क्वेरीत काउंट(वस्तू) पण मागवा. काउंट म्हणतोय ६०, आणि माळेत नावं ४५? मग कात्री लागलीये, हे लगेच कळेल.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये ही मर्यादा किती आहे, आजच बघून घ्या. भेटू पुढच्या भागात!