हवेतील अंतर आणि व्यापाऱ्याचे अंतर

पेण-रोह्याच्या कापड व्यापाऱ्याची खरेदी आणि उगाही एका दिशेला क्वचितच असते. चादर-टॉवेलसाठी सोलापूर, सुती कापडासाठी इचलकरंजी, आणि उधारी अडकलेली असते सावंतवाडी-गोव्याकडे. सोलापूरहून तळकोकणात उतरायचे म्हणजे सह्याद्रीचा घाट आला, एस.टी.त रात्र जाते आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून येते.

९ जून २०२५ रोजी सोलापूर ते गोव्यातील मोपा ही विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून आमच्या बाजारात एकच प्रश्न ऐकू येतो: विमानाने किती वेळ वाचतो? आम्ही हा हिशेब वहीवर मांडून पाहिला. तो व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत.

सोलापूर ते मोपा हवेतील सरळ अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. वैमानिक ते नॉटिकल मैलात मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून हा आकडा १६० च्या आसपास येतो. अशा मार्गावर चालणारे ७० आसनांचे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते. म्हणजे प्रवास ३६ मिनिटांचा झाला. मात्र वेळापत्रकात तासाभराचा वेळ धरतात, कारण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, वेग कमी करून उतरणे यात मिनिटे जातात. मार्ग जितका छोटा, तितका हा वरखर्च जास्त जाणवतो.

आता व्यापाऱ्याचे अंतर पाहू. मुक्कामापासून विमानतळ अर्धा तास. खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी हजर राहावे. उड्डाण एक तास. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. मोपा पेडणे तालुक्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला आहे. तेथून सावंतवाडीला मोटारीने तासभर धरावा. एकूण साडेचार तास झाले. मडगावला काम असेल तर आणखी वाढवा.

तरीही फायदा आहे. सकाळी निघालेला माणूस दुपारी पेढीवर बसून वसुली करू शकतो, आणि परतीला कोकण रेल्वे आहेच. दिवा-सावंतवाडी गाडी रोहा-पेणवरूनच जाते.

पण तीन गोष्टी तिकिटाआधी विचाराव्यात. पहिली, त्या दिवशी विमान आहे का? छोट्या विमानतळांवर रोज उड्डाण असेलच असे नाही. दोन दिवस थांबावे लागले तर मुक्कामाचा खर्च सगळी बचत खातो. दुसरी, ओझे किती? बहुतेक कंपन्या १५ किलो सामान घेतात; त्यात नमुन्याचे तुकडे जातील, गठ्ठे ट्रान्सपोर्टनेच येतील. तिसरी, पावसाळा आहे का? किनाऱ्यावर ढग उतरले की विमान उशिरा येते किंवा दुसरीकडे वळते. वायद्याच्या दिवशीच पोहोचायचे असेल तर एक दिवस हाती ठेवावा.

सणाच्या हंगामात दुकान एक दिवस बंद राहिले तर जे गिऱ्हाईक जाते, ते पनवेलच्या दुकानात जाते आणि पुष्कळदा तिकडचेच होते. म्हणून तिकिटाचा दर पाहण्याआधी आपले दुकान किती तास बंद राहील ते मोजावे. ज्याची उगाही मोठी आणि माल ट्रान्सपोर्टवर आहे, त्याला हे विमान परवडेल. ज्याला गठ्ठा सोबत आणायचा आहे, त्याने एस.टी. सोडू नये.